मागच्या बाकावरची सिंधू

मला संत्र्याचा वास आवडत नाही. शहरातली माणसं आली की नाक वर करून म्हणतात, "काय सुंदर वास आहे हो!" त्यांचं काय जातं, ती संध्याकाळी परत जातात. आम्ही त्या वासात झोपतो, त्यातच उठतो आणि त्यातच भांडतो. तोड्याचे दिवस आले की अंगणात संत्र्याचा ढेर पडतो, ढेराखाली तणस, तणसात उंदीर आणि उंदरामागे शेजारच्यांचं मांजर. सालीचं तेल बोटांना बसतं. ते बोट चुकून डोळ्याला लागलं की दुपारपर्यंत पाणी. चहाला तोच वास, भाकरीला तोच, चर्चमध्ये नेसायच्या लुगड्यालाही तोच.

यंदाचा तोडा सुरू झाला आहे. पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या गाड्या क्रेट भरून सकाळपासून घरघरत जातात. तणसाची पहिली गाडी अंगणात रिकामी झाली की माझं पोट आवळतं. सून म्हणते, "आई, गॅस झाला असन, ओवा खा." मी ओवा खाते. त्यानं काही होत नाही. हे गॅसचं दुखणं नाही, एका हंगामाचं आहे.

आमचं गाव मध्य प्रदेशातलं, सौंसर आणि रामाकोन्याच्या मधलं. सगळं गाव मारुतीचं, आम्ही मोजकी घरं येशूची. गावाच्या टोकाला आमचं टिनाच्या छपराचं चर्च. पाऊस आला की आत उपदेश ऐकू येत नाही, आणि काही वेळा ते बरंच वाटतं. पाळक सौंसरहून मोटरसायकलवर येतात. एका रविवारी येतात, दुसऱ्या रविवारी गाडी पंक्चर होते. माझं नाव सालोमी. ते गावाच्या तोंडात बसलं नाही म्हणून लग्न होऊन आल्या दिवसापासून मी सालू. मी चौथी शिकलेली. पुस्तक वाचता येतं, माणसं वाचायला शाळा लागत नाही असं मला वाटायचं. आता तेवढी खात्री देत नाही.

चर्चचे पाहुणे आमच्याच घरी उतरतात. आम्ही फार पुण्यवान आहोत म्हणून नाही, आमच्याच संडासाला आतून कडी आहे म्हणून. पाहुणे येणार कळलं की माझी सून अनिता घर डोक्यावर घेते. कानाचे कप निघतात. गादीवर ती चादर पडते जी तिनं रुखवतात आणली आणि आजवर आम्हा कोणाला अंगाला लावू दिली नाही. कोंबड्यांना टोपल्याखाली डांबलं जातं. माझी खाट ओसरीतून गोठ्यात जाते. एकदा मी विचारलं, "मी पण जुनं सामान झाली काय वं?"

"तुमी नाही आई, तुमची खाट," ती म्हणाली. "तुमी बसा ना समोर, चांगल्या दिसता. फक्त तंबाखू नका खाऊ तेवढा वेळ."

माझी नात प्रीती त्या दिवशी अभ्यासाच्या टेबलावर खोटी फुलं ठेवते आणि त्यावरची धूळ फुंकते. माझा मुलगा प्रकाश विनाकारण मोटर दुरुस्त करायला विहिरीवर जातो आणि पाहुणे जेवायला बसले की बरोबर परत येतो. पाहुणे म्हणतात, किती शांत घर आहे तुमचं. आम्ही सगळे हसतो. दाराआड कोंबड्या टोपलं ढकलत असतात.

हे सगळं चालायचं तसं चालत असतं. पण हंगामाचा सण वेगळा. वर्षातून एका रविवारी, तोडा सुरू झाला की, शेतात पिकलेलं पहिलं घेऊन आम्ही चर्चमध्ये जातो. कापसाचं बोचकं, तुरीच्या शेंगा, कोहळं, वांगी, आणि अर्थात संत्री. ते वेदीपुढे मांडायचं, देवाचे उपकार मानायचे, मग सगळ्यांनी पंगतीत बसायचं. सण सगळ्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, असतो. पण आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी एक टोपली अशी असते जी आमच्यातल्या कोणाच्याच शेतातली नाही. ती सिंधूच्या बागेतली.

सिंधूची बाग आणि आमची बाग एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. मधली विहीर सामाईक. तिच्या सासऱ्यानं आणि माझ्या सासऱ्यानं मिळून खणली. त्या दोघांनी असं ठरवलं की पाणी एक तर पहिलं फळही एकमेकांच्या देवाला. तेव्हापासून आमच्या झाडाचे पहिले संत्रे सिंधूच्या घरचं माणूस मारुतीपुढे ठेवतं, आणि त्यांच्या झाडाचे पहिले संत्रे मी वेदीपुढे ठेवते. ती टोपली घेऊन येते, दारात माझ्या हातात देते, आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. भक्ती होईपर्यंत बसते. कधी डुलकी काढते. गाणं आवडलं तर पायानं ताल धरते. संपलं की म्हणते, "तुमचा पाळक बोलतो लय बावा, आमचा पुजारी बरा, दोन मिनिटात मोकळं करते." मग पंगतीत जेवते आणि घरी जाते. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. तिलाही नाही, आम्हालाही नाही. ती येते हे आम्ही कोणाला सांगायचोही नाही, जसं आपण कोणाला सांगत नाही की आमच्या घराला दार आहे.

दोन वर्षांपूर्वी, पांढुर्णा जिल्हा झाला त्याच हिवाळ्यात, पाळकांनी निरोप आणला की यंदा हंगामाच्या सणाला नागपूरची मंडळी येणार. गाडी करून येणार. अनितानं त्याच दिवशी चादर काढली.

दोन दिवसांनी कोटवार आला. गावात काय चाललं ते वर कळवणं हे कोटवाराचं काम. आमचा कोटवार म्हातारा आहे, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि बोलायचं सोडून कोंबड्यांकडे बघत राहिला.

"बोल ना," मी म्हटलं. "कोंबडी विकायची नाही."

"काकू, पाहुणे येऊन राहिले म्हणते."

"येऊन राहिले. दरसाल कोणी ना कोणी येते."

"किती हायेत? कुठचे हायेत? काहून येऊन राहिले? मले विचाराले लावलं म्हणून विचारतो. मी माह्या मनानं नाही विचारत."

"जेवाले येऊन राहिले. तू पण ये."

तो हसला, पण उठताना प्रकाशला बाजूला घेऊन काही बोलला. प्रकाशचा चेहरा उतरला. जेवताना त्यानं भाकर मोडली आणि तशीच ठेवली.

"माय, यंदा सिंधूकाकूला नको बोलावू."

"तिला कोण बोलावते? ती येते."

"मग येऊ नको म्हण. बाहेरचे लोक येणार, गाडी येणार. कोणी पाहिलं तर म्हणतीन, हे लोक मारुतीच्या बाईला आत बसवून राहिले. आजकाल काय चालू हाय तुला माहीत नाही काय?"

मला माहीत होतं. टीव्ही मी पण बघते. कोणत्या गावात चार माणसं एका घरात गाणं म्हणत बसली आणि बाहेर गर्दी जमली, हे पाळक येऊन हळू आवाजात सांगतात, ते मी पण ऐकते. आमच्या गावात तसं कधी काही झालं नव्हतं. पण कधी झालं नाही म्हणजे होणार नाही असं कोण लिहून देतं? प्रकाश भित्रा नाही. त्याला दोन मुलं आहेत आणि शेत गावातच आहे, रोज त्याच रस्त्यानं जायचं आहे. त्याचं म्हणणं मला समजत होतं. तरी मी म्हटलं, "मी नाही सांगत. तुला सांगायचं तर तू सांग." तो उठला, हात धुतले, आणि त्यानंही नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सिंधू विहिरीवर भेटली. मोटर बंद होती, ती पायरीवर पाय सोडून संत्रा सोलत बसली होती. सालीचे तुकडे पाण्यात टाकत होती, जे मी तिला हजार वेळा नको म्हणून सांगितलं आहे.

"माह्या पोरानं डोकं खाल्लं काल," ती म्हणाली. तिचा मुलगा राजू. लहानपणी आमच्याच अंगणात पडून असायचा, अनिताच्या हातच्या पोळ्या चोरायचा. आता गावातल्या पोरांच्या मंडळात असतो, कपाळाला टिळा, मोटरसायकलला झेंडा. "म्हणते, माय, तू तिकडं नको जाऊ. मी म्हटलं, काहून बे? म्हणते, लोक काय म्हणतीन. मी म्हटलं, लोक तुह्या बापालेही लय काही म्हणत, तो मेला, लोक हायेतच."

"मग येणार का नाही?"

"तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "साली पाण्यात नको टाकू."

तिनं आणखी एक टाकली.

ते दिवस मला नीट आठवतात कारण मी त्या दिवसांत फार कामं केली. मी घाबरले की काम करते. तुरीच्या शेंगा सोलल्या, पाटोडीसाठी बेसन दळून आणलं, चर्चमधली बाकं पुसली. मागचं बाक पुसताना मला राग आला. बाकाचा नाही. एवढंसं बाक, त्यावर एक म्हातारी बसते, आणि त्याची काळजी माझ्या मुलाला, तिच्या मुलाला, कोटवाराला आणि कोटवाराच्या वरच्यांना. देवालाच तेवढी नसावी. असती तर त्यानं काही केलं असतं.

रविवारी नागपूरची गाडी आली. पांढरी, मोठी, आमच्या गल्लीत वळताना अडकणारी. चालकानं मागे घेताना गोठ्याबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या खाटेचा एक पाय मोडला. अनिता म्हणाली, "काही हरकत नाही, जुनी होती." मी तिच्याकडे बघितलं. गाडीतून एक पाळकसाहेब उतरले, त्यांची बायको, एक वयस्कर जोडपं आणि वसुधाताई नावाच्या एक बाई. वसुधाताई मोठ्या मंडळीत नवीन येणाऱ्यांचं स्वागत करण्याचं काम करायच्या. स्वभावानं गोड, हात धरून बोलणाऱ्या, गळ्यात फोन लटकवलेला. मला म्हणाल्या, "आजी, तुमच्या चेहऱ्यावर किती तेज आहे!" मी म्हटलं, "तेल आहे. सकाळीच लावलं." प्रीती आत पळाली हसायला.

रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यापाशी तीन-चार मोटरसायकली उभ्या होत्या. एकीला झेंडा. पोरं काही करत नव्हती. फक्त उभी होती. काही न करता उभं राहणं हे पण एक काम असतं, ते मला त्या दिवशी कळलं. चर्चकडे जाताना आमच्यातल्या बायांनी त्या बाजूला पाहिलं नाही. प्रत्येकीनं डोक्यावरचं टोपलं दोन्ही हातांनी धरलं होतं, एरवी एका हातानं धरतात.

पहिलं गाणं सुरू झालं. मी दारात उभी होते. सिंधू आली नाही. दुसरं गाणं झालं. मनात म्हटलं, बरं झालं, नाही आली. आणि ते म्हणताना मला स्वतःचाच आवाज आवडला नाही. तेवढ्यात ती वळणावर दिसली. डोक्यावर टोपली, पायात चप्पल नाही, नवीन लुगडं, आणि चाल अशी की जणू बाजारात जागा धरायला निघाली आहे. पानठेल्यापाशी तिनं मान वळवली आणि मोठ्यानं म्हणाली, "राजू, गॅस बंद करून आली काय मी, घरी जाऊन पाह्य." मग आली आणि टोपली माझ्या हातात दिली. ती म्हणाली, "सांभाळ, वरचे चांगले आहेत, खालचे नाही."

ती मागच्या बाकावर बसली. मी तिचे संत्रे वेदीपुढे ठेवले. इथपर्यंत सगळं दरवर्षीसारखं झालं.

मग वसुधाताई उठल्या. मोठ्या मंडळ्यांत पद्धत असते. जे नवीन आले त्यांना उभं राहायला सांगायचं, फूल द्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ती चांगली पद्धत आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनी चर्चभर नजर फिरवली आणि त्यांच्या सवयीच्या डोळ्याला बरोबर दिसलं की मागच्या बाकावर एक बाई आहे, कपाळाला कुंकू, हातात गाण्याचं पुस्तक नाही. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "आज आपल्यात एक नवीन बहीण आली आहे. ताई, तुम्ही उभ्या राहाल का?"

सिंधूनं मागे बघितलं, कोण आलं म्हणून. मागे भिंत होती.

आम्ही सगळे बघत बसलो. पाळकांना सांगायला पाहिजे होतं, प्रकाशला, मला, पण सांगायचं काय? ही सिंधू आहे. हे कोणाला सांगायची आमच्यावर कधी वेळच आली नव्हती. आमच्या जिभेवर तिच्यासाठी शब्दच नव्हता. ती ना पाहुणी, ना मंडळीतली. ती उभी राहिली, कारण पाहुण्या बाईनं एवढ्या प्रेमानं म्हटलं तर बसून राहणं बरं दिसत नाही. वसुधाताईंनी तिच्या हातात गुलाब दिला, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. टाळ्या वाजल्या, पुढच्या बाकांवरून. आणि त्यांच्या सोबतच्या त्या वयस्कर गृहस्थांनी फोटो काढला.

आता विचार केला की वाटतं, आमच्याकडे ज्याला आपलं मानतात त्याचं स्वागत करत नाहीत. त्याला या-बसा कोणी म्हणत नाही. तो येतो, पाट ओढतो, बसतो, आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणून सांगतो. तिला उभं करून टाळ्या वाजवल्या आणि एका क्षणात ती परकी झाली. वसुधाताईंना हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी त्यांच्याकडची सगळ्यात चांगली वस्तू तिला दिली होती.

जेवणाची पंगत बसली. पाटोडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, भात, ठेचा. पाळकसाहेबांनी ठेचा खाल्ला आणि पाण्याचा तांब्याच उचलला. सिंधू जेवली नाही. "घरी काम हाय," म्हणाली आणि गेली, गुलाब बाकावर ठेवून. ती न जेवता गेली तेव्हाच मला समजायला पाहिजे ते समजलं.

पाहुणे आमच्या घरी परत आले, हातपाय धुऊन चहाला बसले, आणि मोटरसायकली दारात आल्या. राजू पुढे. मागे दोन पोरं, रस्त्यावर आणखी काही. कोटवार कुंपणापाशी, डोकं खाली. राजूनं फोन माझ्या तोंडापुढे धरला. तो फोटो होता. सिंधू उभी, हातात गुलाब, डोक्यावर वसुधाताईंचा हात. खाली लिहिलेलं, नवीन आत्म्याचं स्वागत. त्या गृहस्थांनी तो आपल्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून कोणाच्या नागपूरच्या भाच्याकडे, तिथून आमच्या गावात. आमच्या चहाला उकळी येईपर्यंत तो परत आला होता.

"काकू, हे काय हाय?"

"तुही माय हाय," मी म्हटलं. "डोळे फुटले काय?"

"मजाक नका करू. हे काय लिहिलं? कोणी केलं हे? पैसे देले का काय देलं?"

प्रकाश मध्ये आला, हात जोडून. "राजू, भाऊ, गैरसमज झाला, ते नवीन हायेत, त्यांना माहीत नव्हतं..." त्याचा आवाज बारीक झाला होता. माझ्या मुलाचा तसा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आत वसुधाताईंचं रडं फुटलं. त्या बाहेर यायला निघाल्या, "मी सांगते त्यांना, माझी चूक आहे." मी दारातच त्यांना अडवलं. "तुम्ही चहा घ्या. बाहेर येऊ नका." त्या ऐकेनात तेव्हा मी बाहेरून कडी घातली. पाहुण्यांना कोंडण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

मागचं एक पोरगं म्हणालं, "ठाण्यात चला सगळे, तिथंच बोलू." दुसऱ्यानं गाडीच्या चाकाला लाथ मारली. राजू माझ्याकडे बघेना, घराकडे बघेना, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. बघणारा माणूस थांबवता येतो.

सिंधू मागच्या वाटेनं, बागेतून आली. धापा टाकत. तिनं कोणाला काही विचारलं नाही, राजूच्या हातातून फोन घेतला, डोळ्यापासून लांब धरला, जवळ धरला.

"पदर घसरला पाह्य माहा," ती म्हणाली. "असा फोटो काढते काय कोणी? सालू, सांग त्या बाईले, दुसरा काढ म्हणा."

कोणी हसलं नाही. मग मागच्या पोरांपैकी एकाला हसू आलं आणि ते त्यानं दाबलं.

"माय, तू घरी चल," राजू म्हणाला.

"चालतो. आधी सांग, तू काय वाचलं खाली? नवीन? मी लग्न होऊन आली तवापासून येऊन राहिली इथं. तुह्या आज्यानं आणलं होतं मले पहिल्यांदा. तवा नवीन होती. आता या वयात कशी नवीन झाली बे? आणि बाटवाचंच असतं तर सालूनं मले कवाच बाटवलं असतं, तिचं तोंड पाह्यलं ना किती चालते ते." मग ती कोटवाराकडे वळली. "लिहून घे. सिंधूबाई, स्वतः गेली, स्वतः आली. विचारलं तर एवढंच सांग."

कोटवारानं मान हलवली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना भांडायला कोणीतरी पळवलेली, फसवलेली बाई पाहिजे होती. ही तर त्यांनाच गप्प करत होती. हळूहळू मोटरसायकली वळल्या. राजू शेवटी गेला. जाताना आईला म्हणाला, सगळ्यांना ऐकू येईल असं, पण ओरडून नाही:

"हे शेवटचं. पुढच्या वर्षी नाही. तू नाही जाणार, आणि त्यांचे संत्रे पण मारुतीपुढं नाही येणार."

सिंधू बागेच्या वाटेला लागली. एवढं बोलणारी बाई, पण त्याला काही म्हणाली नाही.

मी कडी काढली. पाहुणे अंधार पडायच्या आत निघाले. वसुधाताईंनी माझे हात धरले, त्यांचे डोळे सुजले होते. "आजी, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." मी म्हटलं, "करा. आणि पुन्हा या. पण फोटो काढू नका." त्या चांगल्या बाई आहेत. अजून सणाला फोन करतात. मी त्यांच्यावर राग धरला नाही. अनितानं चादर धुऊन परत पेटीत ठेवली. माझ्या खाटेला प्रकाशनं बाभळीचा पाय बसवला, तो आखूड झाला, तेव्हापासून मी जरा तिरपी झोपते.

गावात पुढे काही झालं नाही. लोक विचारतात, काही झालं का? मी म्हणते, काही नाही. पण मागच्या वर्षी तोडा आला, सण आला, आणि सिंधू आली नाही. मी आमच्या पहिल्या तोड्याचे संत्रे बाजूला काढले होते, ते न्यायला कोणी आलं नाही. ते ओसरीवर सुकले, मग म्हशीला घातले. चर्चमध्ये वेदीपुढे सगळं मांडलं, कोहळं, कापूस, शेंगा. मोकळी जागा दिसत होती असं नाही, आम्ही जरा पसरून मांडलं. मागच्या बाकावर प्रीतीनं सायकलचं हेल्मेट ठेवलं होतं.

विहिरीवर सिंधू भेटायची. आम्ही बोलायचो. गुडघ्याबद्दल, सुनांबद्दल, फळगळीबद्दल, तिच्या नव्या मिक्सरबद्दल. ती साली पाण्यात टाकायची, मी नको म्हणायचे. ज्या गोष्टीबद्दल बोलायचं ती मध्ये बसून असायची आणि आम्ही दोघी तिला वळसा घालून बोलायचो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडायला आमच्यात काही नव्हतं.

यंदा मी संत्रे बाजूला काढलेच नाहीत. कशाला? म्हशीला संत्रे मानवत नाहीत, मागच्या वर्षी तिला ढाळ लागली.

आणि परवाचा रविवार सणाचा. भक्ती सुरू होती, मी पुढच्या बाकावर होते. दारात मोटरसायकल बंद झाल्याचा आवाज आला. सगळ्यांचे आवाज गाण्यात एकदम कमी झाले. प्रकाशनं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि दाराशी गेले.

राजू होता. एकटा. हातात टोपली.

त्यानं चपला काढल्या नव्हत्या आणि पायरीवर पाय ठेवला नव्हता. रस्त्यावरच उभा होता, टोपली छातीशी धरून, कोणीतरी जबरदस्तीनं हातात मूल दिल्यासारखी.

"मायच्या गुडघ्यानं यंदा काम सोडलं," तो म्हणाला. "सकाळपासून जेवली नाही. म्हणते, टोपली गेल्याशिवाय जेवत नाही. मले वैताग आणला." मग पटकन म्हणाला, "मी आत येणार नाही."

"तुले आत कोण बोलावते? आत मीच ठेवते. दरसाल मीच ठेवत होती."

त्याला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की त्याची माय आत जाऊन आमच्या देवापुढे काही करते. त्यानं टोपली पुढे केली. मी घेतली. वरचे संत्रे चांगले होते. खालचे मी बघितले नाहीत.

मी वळले तरी तो जाईना. गाडीची चावी बोटाभोवती फिरवत राहिला.

"आता काय?" मी विचारलं.

"तुमचे?"

"माझे काय?"

"तुमचे संत्रे कुठं हायेत काकू? मारुतीपुढं ठेवाले. माय म्हणाली, घेऊनच ये. रिकामा आला तर घरात घेत नाही म्हणे."

माझ्याकडे काढलेले नव्हते. आत गाणं संपत आलं होतं, सगळे माना वळवून दाराकडे बघत होते, त्यात माझा मुलगाही. मी राजूला म्हटलं, "तुमच्या धुऱ्याजवळचं आमचं झाड हाय ना, त्याच्यावरचे तोडून घे. पिवळे पाह्यून तोड. आणि देठासकट तोड, ओढू नको, साल फाटते."

"मले येते तोडता," तो म्हणाला, जरा रागानं, आणि गाडी सुरू केली.